जनरल मोटर्स: एक तिजोरी, अनेक नावं आणि एक कमकुवत स्प्रिंग

अमेरिकेत जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस आणि तळेगावात बनलेली शेव्हरोले बीट अजून चालवणारा माणूस, दोघांना एकच प्रश्न पडतो: जनरल मोटर्सवर भरवसा ठेवावा का? या कंपनीबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात आणि दोन्हींना आधार आहे. १९३१ ते २००७ अशी सलग ७७ वर्षं जगात सर्वांत जास्त गाड्या विकल्या त्या याच कंपनीने. १ जून २००९ रोजी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला तोही हिनेच. आमच्या मते या दोन्ही गोष्टींचं मूळ कंपनीच्या रचनेत आहे. खाली वेगवेगळे विभाग, त्यांच्यात वाटून वापरलेले सुटे भाग आणि सगळ्यांच्या वर पैशाचा कडक हिशेब, अशी ती रचना. तिच्यामुळे गाड्या स्वस्तात आणि प्रचंड संख्येने बनल्या. तिच्यामुळेच एखाद्या भागातली चूक लाखो गाड्यांत पसरली आणि ती कोणी सुधारायची हे ठरता ठरता वर्षं गेली.

ड्युरंटने जमवलं, स्लोनने घडी बसवली

विल्यम ड्युरंट हा मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावचा घोडागाड्यांचा मोठा कारखानदार. १९०४ मध्ये त्याने अडचणीत आलेली ब्युइक कंपनी हाती घेतली आणि १६ सप्टेंबर १९०८ रोजी जनरल मोटर्सची स्थापना केली. पुढच्या वर्षभरात ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक, ओकलंड अशा कंपन्या त्याने भराभर विकत घेतल्या. फोर्ड एकच गाडी अधिकाधिक स्वस्त करत होता. ड्युरंटचा विचार वेगळा होता: उद्या लोकांना काय आवडेल ते आज सांगता येत नाही, तेव्हा सगळ्या प्रकारच्या गाड्या आपल्याकडे असाव्यात. विचार बरोबर होता, पण खरेदी कर्जावर चालली होती. १९१० मध्ये बँकांनी कंपनी ताब्यात घेऊन त्याला बाजूला केलं. त्याने १९११ मध्ये शर्यतपटू लुई शेव्हरोलेबरोबर नवी कंपनी काढली, तिच्या जोरावर १९१६ मध्ये जनरल मोटर्स परत मिळवली, आणि १९२० च्या मंदीत ती पुन्हा गमावली. त्या वेळी विभाग आपापल्या मर्जीने कच्चा माल भरत होते. एकूण माल किती पडून आहे हे मुख्यालयात कोणालाच सांगता येत नव्हतं.

ही विस्कळीत कंपनी सरळ केली आल्फ्रेड स्लोनने. तो मूळचा रोलर बेअरिंगच्या धंद्यातला, १९२३ मध्ये अध्यक्ष झाला. त्याच्या पद्धतीचं सूत्र असं: ब्युइकने गाडी कशी बनवायची ते ब्युइकच्या प्रमुखाने ठरवावं, पण पैसा किती गुंतवायचा, त्यावर परतावा किती मिळाला आणि माल किती साठला हे मुख्यालयाने मोजावं. या मोजणीची हत्यारं ड्यू पाँ या रसायन कंपनीतून आलेल्या हिशेबनिसांनी आणली. १९२४ मध्ये विक्रेत्यांच्या आवारात न खपलेल्या गाड्यांच्या रांगा दिसल्यावर स्लोनने उत्पादन तिथल्या तिथे कमी करायला लावलं. मग प्रत्येक विक्रेत्याने दर दहा दिवसांनी विक्रीचे आणि शिल्लक गाड्यांचे आकडे पाठवायचे असा नियम केला. आजच्या कोणत्याही मोठ्या कारखान्यात हे इतकं साधं वाटतं, की त्याची सुरुवात कोणी केली हे लक्षातही येत नाही.

दुसरी गोष्ट किमतीच्या पायऱ्यांची. १९२१ मध्ये कंपनीने ४५० ते ३,५०० डॉलरपर्यंतचा बाजार सहा पट्ट्यांत वाटला. सगळ्यांत खालची पट्टी ४५० ते ६०० डॉलरची, तिथे शेव्हरोले. सगळ्यांत वर २,५०० ते ३,५०० डॉलरला कॅडिलॅक. एका पट्टीत आपलीच दुसरी गाडी येऊ द्यायची नाही आणि प्रत्येक गाडी आपल्या पट्टीच्या वरच्या टोकाला ठेवायची. त्यामुळे खालच्या पट्टीतला गिऱ्हाईक थोडे जास्त पैसे टाकून हिच्याकडे वळतो, आणि वरच्या पट्टीतल्याला वाटतं की कमी पैशात जवळजवळ तेवढंच मिळतंय. पगार वाढला की माणूस शेव्हरोलेवरून पॉन्टिअॅक, मग ओल्ड्समोबिल, ब्युइक आणि जमलं तर कॅडिलॅक असा वर चढतो, पण पैसे कायम एकाच तिजोरीत जातात.

तिसरी गोष्ट हप्त्यांची. १९१९ मध्ये जनरल मोटर्सने स्वतःची कर्ज देणारी कंपनी काढली. किमतीचा तिसरा हिस्सा किंवा थोडं जास्त आधी भरायचं, बाकीचं महिन्याच्या हप्त्यांनी. हेन्री फोर्डला कर्जाचा तिटकारा होता. त्याने १९२३ मध्ये योजना आणली ती अशी, की दर आठवड्याला पैसे साठवा आणि पूर्ण रक्कम जमली की गाडी न्या. लोकांना गाडी आज हवी होती. त्यात १९२४ पासून ड्यू पाँबरोबर तयार केलेला झटपट वाळणारा ड्यूको रंग आला, १९२७ मध्ये हार्ली अर्लच्या हाताखाली गाड्यांच्या रूपाचा वेगळा विभाग सुरू झाला, आणि दरवर्षी थोडं नवं रूप देण्याची रीत पडली. त्याच वर्षी फोर्डला मॉडेल टी बंद करून महिनोन्‌महिने कारखाना थांबवावा लागला.

पुढची तीन दशकं भरभराटीची होती. कामगारांच्या बाजूने मात्र ही भरभराट सहज आली नाही. ३० डिसेंबर १९३६ रोजी फ्लिंटच्या कामगारांनी कारखान्यातच ठिय्या मांडला आणि ४४ दिवसांनी, ११ फेब्रुवारी १९३७ ला, कंपनीला त्यांच्या संघटनेला मान्यता द्यावी लागली. १९५० च्या करारातून निवृत्तिवेतन आणि आरोग्य विम्याची हमी मिळाली. तिचा उल्लेख पुढे २००९ च्या संदर्भात पुन्हा येईल. १९५५ मध्ये एका वर्षात एक अब्ज डॉलरपेक्षा जास्त नफा कमावणारी जनरल मोटर्स ही पहिली अमेरिकी कंपनी ठरली. १९६० च्या आसपास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दोन गाड्यांपैकी जवळपास एक तिची असायची.

शोध: चांगले आणि घातक

आज बटण दाबून गाडी सुरू होते त्याचा उगम १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आहे. चार्ल्स केटरिंगने तिच्यासाठी विजेचा स्टार्टर बनवला आणि समोर उभं राहून हँडल मारण्याची, त्यात मनगट मोडून घेण्याची गरज संपली. सरसकट विकली गेलेली पहिली पूर्ण स्वयंचलित गिअरपेटीही जनरल मोटर्सची, १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये आलेली.

त्याच केटरिंगच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९२१ मध्ये थॉमस मिड्‌गलीला सापडलं, की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड घातलं तर इंजिनची ठोक, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारा खडखडाट, थांबते. शिसं विषारी असतं हे तेव्हाही माहीत होतं. १९२४ मध्ये न्यूजर्सीच्या एका शुद्धीकरण कारखान्यात हे रसायन बनवताना पाच कामगार मेले, तरीही विक्री थोड्या खंडानंतर चालूच राहिली. जगभरातल्या शहरांनी पुढची कित्येक दशकं ते शिसं श्वासातून घेतलं. भारतात सरसकट शिसेविरहित पेट्रोल आलं ते २००० साली. १९७० च्या दशकात हा प्रवाह उलटवण्यातही जनरल मोटर्सचाच हात होता. धुराचे नियम पाळण्यासाठी तिने १९७५ च्या गाड्यांत धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवले. शिशाचा थर बसला की त्यातला प्लॅटिनम निकामी होतो, म्हणून शिसं नसलेलं पेट्रोल सगळीकडे मिळणं भाग पडलं.

कॉर्व्हेअर: टायरच्या हवेवर टाकलेली जबाबदारी

१९६० मॉडेलची शेव्हरोले कॉर्व्हेअर ही अमेरिकी गाड्यांत वेगळीच होती. हवेने थंड होणारं सहा सिलिंडरचं अॅल्युमिनियम इंजिन मागे, त्यामुळे निम्म्याहून बरंच जास्त वजन मागच्या चाकांवर. मागची चाकं ज्या दांड्यांवर होती त्यांना सांधा फक्त आतल्या बाजूला, दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शियलपाशी. बाहेर चाकाजवळ सांधा नाही. अशा रचनेत जोरात वळण घेतलं की गाडीची मागची बाजू वर उचलली जाते आणि बाहेरच्या अंगाचं चाक खालून आत मुडपतं. टायर रस्त्यावर पूर्ण टेकत नाही, पकड एकदम सुटते आणि गाडी मागून फिरते.

यावर उपाय माहीत होता: पुढे अँटी रोल बार, म्हणजे दोन चाकांना जोडणारी पिळाची दांडी. खर्च वाचवण्यासाठी ती सुरुवातीला बसवली नाही. त्याऐवजी गाडीच्या पुस्तिकेत टायरच्या हवेचे आकडे दिले: थंड टायरमध्ये पुढे १५ पाउंड, मागे २६ पाउंड. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असली की पुढची पकड आधी सुटते, गाडी वळणाबाहेर सरकते, आणि चालकाला आपोआप वेग कमी करावासा वाटतो. कागदावर हा तोडगा बरोबर होता. प्रत्यक्षात पेट्रोल पंपावरचा माणूस चारही टायरमध्ये सारखी हवा भरायचा, कारण इतर सगळ्या गाड्यांना तसंच लागायचं. वळणावरची सुरक्षितता अशा एका आकड्यावर सोपवणं, जो पाळला जाणार नाही हे सहज कळण्यासारखं होतं, हा खरा दोष.

१९६४ मध्ये पुढची दांडी आणि मागे आडवी पाट्याची स्प्रिंग आली. १९६५ मध्ये मागची सगळी रचनाच बदलून चाकाजवळही सांधे आले. त्याच वर्षी राल्फ नेडर या तरुण वकिलाचं वाहन सुरक्षेवरचं पुस्तक निघालं आणि त्याचं पहिलं प्रकरण कॉर्व्हेअरवर होतं. गाडी तोवर सुधारलेली असल्याने कंपनीला शांतपणे उत्तर देता आलं असतं. तिने नेडरच्या मागे खासगी गुप्तहेर लावले. ते उघडकीला आल्यावर मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. सहाच महिन्यांत अमेरिकेत वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. १९७० मध्ये नेडरला ४,२५,००० डॉलर देऊन कंपनीने दावा मिटवला. १९७२ मध्ये सरकारी चाचण्यांनी निष्कर्ष काढला, की १९६० ते १९६३ ची कॉर्व्हेअर तिच्या काळातल्या तशाच इतर गाड्यांपेक्षा जास्त धोकादायक नव्हती. तोपर्यंत कॉर्व्हेअर बंद होऊन तीन वर्षं झाली होती.

सत्तरचं दशक: हिशेब जिंकला, यंत्र हरलं

१९७१ मॉडेलची शेव्हरोले व्हेगा जपानी छोट्या गाड्यांना टक्कर देण्यासाठी आली. तिचा इंजिन ब्लॉक अॅल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूचा होता, सिलिंडरला आतून लोखंडी अस्तर (स्लीव्ह) नाही, आणि वरचं सिलिंडर हेड मात्र ओतीव लोखंडाचं. अॅल्युमिनियम तापलं की लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं. वर आणि खाली वेगळ्या प्रमाणात फुगणारे धातू, मधे गळती रोखणारं पातळ गॅस्केट, आणि त्यात लहान रेडिएटर. पाणी जरा कमी झालं की इंजिन तापायचं, गॅस्केट जायचं, सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडायचे आणि मग गाडी ऑइल पिऊ लागायची. पुढचे मडगार्ड आतून गंजायचे ते वेगळंच.

१९७८ चं ओल्ड्समोबिल डिझेल हे त्याहून शिकण्यासारखं उदाहरण. तेलटंचाईनंतर लोकांना जास्त मायलेज हवं होतं. कंपनीने ५.७ लिटरच्या पेट्रोल व्ही-८ वरून डिझेल इंजिन बेतलं. ब्लॉक जाड आणि मजबूत केला होता, ते काम चांगलं होतं. पण कारखान्यातली यंत्रं तीच वापरता यावीत म्हणून हेडचे बोल्ट तितकेच आणि त्याच जागी ठेवले, प्रत्येक हेडला दहा. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली हवा दाबण्याचं प्रमाण, मात्र साडेबावीसास एक, म्हणजे पेट्रोल इंजिनच्या अडीच-तीन पट. बोल्ट ताणले जायचे, गॅस्केट फुटायचं, पाणी सिलिंडरमध्ये शिरायचं आणि पाणी दाबता येत नसल्याने इंजिन मोडायचं. शिवाय डिझेलमधलं पाणी वेगळं काढणारा सेपरेटरही बसवला नव्हता, त्यामुळे इंजेक्शन पंप गंजायचे. मेकॅनिकला डिझेलचं प्रशिक्षण नव्हतं. तो जुनेच बोल्ट पुन्हा आवळायचा आणि काही महिन्यांनी गाडी परत यायची. अमेरिकेतला खासगी गाड्यांचा डिझेल बाजार या एका इंजिनाने कित्येक वर्षांसाठी बसवला.

याच काळात किमतीच्या पायऱ्याही ढासळल्या. १९७७ मध्ये ओल्ड्समोबिलच्या गिऱ्हाइकांना कळलं, की बोनेटखाली ओल्ड्समोबिलचं नाही, शेव्हरोलेचं इंजिन आहे. खटले झाले, भरपाई द्यावी लागली. १९८२ ची कॅडिलॅक सिमरॉन म्हणजे चामड्याच्या सीट घातलेली शेव्हरोले कॅव्हेलिअर होती, आणि पॉन्टिअॅक, ओल्ड्समोबिल, ब्युइकही त्याच सांगाड्यावर आपापली गाडी विकत होते. एकाच कणकेच्या पोळ्या लाटून पाच ताटांत पाच भावांनी वाढल्या तर जेवणाऱ्याला किती दिवस फसवणार? सांगाडा सामाईक असण्यात काही वावगं नाही, आज सगळेच तसं करतात. पण वरच्या पट्टीचे पैसे घ्यायचे तर वरच्या पट्टीचं काहीतरी त्यात हवं.

उपाय डोळ्यांसमोर होता. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथे, दोन वर्षांपूर्वी बंद पडलेला आपला कारखाना जनरल मोटर्सने टोयोटाबरोबर भागीदारीत पुन्हा सुरू केला. कामगार बहुतेक तेच, पूर्वी गैरहजेरीसाठी बदनाम असलेले. फरक पद्धतीत होता. दोष दिसला की कोणत्याही कामगाराने दोरी ओढायची, गटप्रमुख धावत येणार, वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबणार. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानमधल्या गाड्यांच्या बरोबरीला गेला. कंपनीच्या इतर कारखान्यांत मात्र लाइन थांबवणं हा गुन्हा समजला जायचा, कारण व्यवस्थापकाचं मोजमाप दिवसाला किती गाड्या निघाल्या यावर व्हायचं. तिथे दोऱ्या टांगल्या तरी ओढायला कोणी धजत नसे. मोजमाप न बदलता पद्धत बदलत नाही, हे शिकायला कंपनीला फार वेळ लागला.

२००९: पैसे कुठे गेले

दिवाळखोरीचं कारण एक नव्हतं. पन्नाशीतल्या करारांनी दिलेली निवृत्तिवेतनं आणि आरोग्य विमा तेव्हाच्या नफ्यात सहज बसत होते. नंतर बाजारातला वाटा निम्म्यावरून पाव भागाच्याही खाली आला, निवृत्तांची संख्या मात्र वाढत गेली. आठ-आठ नावं, हजारो विक्रेते, आणि नफा मुख्यतः मोठ्या पिकअप आणि एसयूव्हींवर. २००८ मध्ये तेल महागलं तेव्हा याच गाड्यांची विक्री कोसळली. त्यानंतर कर्जाचा बाजार गोठला आणि उरलेली गिऱ्हाइकंही गेली. अर्जात दाखवलेली मालमत्ता सुमारे ८२ अब्ज डॉलर, देणी सुमारे १७३ अब्ज.

अमेरिकी सरकारने एकूण सुमारे ४९.५ अब्ज डॉलर घातले. चांगली मालमत्ता ४० दिवसांत, १० जुलै २००९ ला, नव्या कंपनीकडे गेली. जुनी कंपनी देणी घेऊन मागे राहिली आणि जुन्या भागधारकांचे पैसे बुडाले. पॉन्टिअॅक, सॅटर्न, हमर बंद झाले, साब विकली गेली. ओल्ड्समोबिल २००४ मध्येच संपली होती. अमेरिकेत शेव्हरोले, ब्युइक, जीएमसी आणि कॅडिलॅक ही चार नावं उरली. सरकारने डिसेंबर २०१३ पर्यंत आपले सगळे समभाग विकले आणि त्यात दहा अब्ज डॉलरहून जास्त तोटा सोसला.

इग्निशन स्विच

ही सगळी रचना नेमकी कुठे तुटते हे समजून घ्यायचं असेल तर एक लहानसा भाग पाहावा. चावी फिरवतो तेव्हा मागे एक स्विच फिरतो. प्रत्येक थांब्यावर तो अडकून राहावा म्हणून आत स्प्रिंगवर दाबलेला लहानसा खिट्टा असतो. स्प्रिंग जितकी लांब आणि ताठ, तितका चावी फिरवायला जोर लागतो. जनरल मोटर्सच्या मापात हा जोर २० न्यूटन-सेंटिमीटर, कमीतकमी १५ असायला हवा होता. डेल्फी या पुरवठादाराने बनवलेल्या स्विचमध्ये तो ४ ते १० भरत होता. डेल्फी ही १९९९ पर्यंत जनरल मोटर्सचाच सुट्या भागांचा विभाग होती. माप कमी भरतंय हे माहीत असूनही २००२ मध्ये स्विच मंजूर झाला. तो सॅटर्न आयन, शेव्हरोले कोबाल्ट आणि इतर काही लहान गाड्यांत बसला.

मग काय व्हायचं? चावीचं भोक लांबट फटीसारखं होतं. जड जुडगा त्या फटीच्या टोकाला लटकला की तरफेसारखा जोर लावायचा. रस्त्यावरचा खड्डा, गुडघ्याचा धक्का, आणि चावी चालू स्थितीतून मागे सरकायची. इंजिन बंद, स्टेअरिंग जड, ब्रेकला मिळणारी मदत गेली, आणि सर्वांत वाईट म्हणजे एअरबॅगची वीजही तुटली. गाडी आदळली तेव्हा एअरबॅग उघडलीच नाही.

चालता चालता इंजिन बंद पडतं अशा तक्रारी २००४-०५ पासून येत होत्या. कंपनीने त्यांची नोंद ‘ग्राहकाची गैरसोय’ या रकान्यात केली, सुरक्षेच्या रकान्यात नाही. इथेच सगळं बिघडलं. गैरसोय म्हटल्यावर दुरुस्तीचा खर्च आणि फायदा तोलला जातो, आणि गाडीमागे डॉलरभराचा खर्चही जड वाटतो. डिसेंबर २००५ मध्ये विक्रेत्यांना पत्रक गेलं: तक्रार करणाऱ्याला जुडगा हलका ठेवायला सांगा, चावीची फट लहान करणारी खुंटी द्या. ज्याने तक्रार केली नाही त्याला काहीच कळलं नाही. एअरबॅग का उघडत नाहीत याचा तपास दुसरा गट करत होता आणि स्विचमुळे त्यांची वीज जाते हे त्या गटाला माहीत नव्हतं. २००७ मध्ये विस्कॉन्सिनच्या पोलिसांच्या अपघात अहवालात हा संबंध लिहिलेला होता. तो अहवाल कंपनीच्या दप्तरात होता, पण त्यावर काही झालं नाही.

एप्रिल २००६ मध्ये एका अभियंत्याने लांब स्प्रिंगचा सुधारित स्विच मंजूर केला, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला. सुट्या भागांच्या जगात हे अक्षम्य आहे. रूप, माप किंवा काम बदललं की क्रमांक बदलायचा, हा पहिला नियम. क्रमांक तोच राहिल्याने नंतर तपास करणाऱ्यांना २००८ च्या गाड्यांत अपघात कमी का झाले ते उलगडेना. जॉर्जियातल्या एका मृत्यूच्या खटल्यात कुटुंबाच्या बाजूच्या तज्ज्ञाने जुना आणि नवा स्विच उघडून शेजारी ठेवले तेव्हा स्प्रिंगमधला फरक दिसला.

फेब्रुवारी २०१४ मध्ये रिकॉल, म्हणजे सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवणं, सुरू झाला आणि वाढत वाढत सुमारे २६ लाख गाड्यांवर गेला. मेरी बारा त्याआधी महिनाभरच मुख्याधिकारी झाल्या होत्या. कंपनीने सुरुवातीला १३ मृत्यू सांगितले. केनेथ फाइनबर्ग यांच्या भरपाई निधीने अखेर १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. २०१५ मध्ये फौजदारी प्रकरण ९० कोटी डॉलर देऊन मिटलं. माजी सरकारी वकील अँटन व्हालुकस यांच्या अहवालात एक वर्णन आहे: बैठकीत सगळे मान डोलवायचे आणि बाहेर पडल्यावर काम कोणीच करायचं नाही. पंधरा जणांना काढलं गेलं. दिवाळखोरीआधीची देणी आपल्यावर नाहीत ही नव्या कंपनीची भूमिकाही या प्रकरणात टिकली नाही. २०१६ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने स्विचच्या दाव्यांना दार उघडं केलं.

यानंतर कंपनी रिकॉल लवकर करू लागली, असं आमचं निरीक्षण आहे. शेव्हरोले बोल्ट या विजेवरच्या गाडीच्या बॅटऱ्यांना आगी लागल्यावर २०२१ मध्ये तिने आतापर्यंत बनलेल्या सगळ्या बोल्ट, सुमारे १,४०,००० गाड्या, परत मागवल्या. कारण सापडलं ते असं: बॅटरीच्या एकाच सेलमध्ये ॲनोडची (ऋण टोकाची) पट्टी फाटलेली आणि दोन टोकं वेगळी ठेवणारा सेपरेटर दुमडलेला असे दोन दोष एकत्र आले की आग. बॅटरी बदलेपर्यंत मालकांना सांगितलं गेलं, की चार्ज ९० टक्क्यांवर थांबवा, बॅटरी फार उतरू देऊ नका, गाडी उघड्यावर लावा, रात्रभर घरात चार्ज करू नका.

शिवडी, हालोल, तळेगाव

भारताशी कंपनीचं नातं जुनं आहे. १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला तिने सुट्या पेट्यांतून आलेल्या शेव्हरोले जोडायला सुरुवात केली. भारतातला हा मोटारजोडणीचा पहिला कारखाना. नुसती जोडणी न करता इथेच उत्पादन करा, नाहीतर जा, असं सरकारी धोरण १९५३ मध्ये ठरलं आणि कंपनी पुढच्या वर्षी गेली. तिची सावली मात्र राहिली: हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा ही जनरल मोटर्सच्या ब्रिटिश शाखेच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरवरून घेतलेली होती. नव्वदीत गुजरातमधल्या हालोलला ओपेल ॲस्ट्रा बनू लागली, २००३ मध्ये शेव्हरोले हे नाव आलं, आणि २००८ मध्ये तळेगावचा वर्षाला १,४०,००० गाड्यांचा कारखाना सुरू झाला.

इथलं सर्वांत मोठं डाग लागणारं प्रकरण शेव्हरोले टव्हेरा या गाडीचं. जुलै २०१३ मध्ये कंपनीने २००५ पासूनच्या सुमारे १,१४,००० टव्हेरा परत मागवल्या. तपासणीला जाणाऱ्या गाड्यांत कमी धूर सोडणारी इंजिनं निवडून बसवली जात होती आणि गाडीच्या वजनाचे आकडेही चुकीचे दिले जात होते. कंपनीने हे स्वतः सरकारला कळवलं आणि अधिकाऱ्यांना काढलं. मे २०१७ मध्ये तिने भारतातली विक्री थांबवत असल्याचं जाहीर केलं. डिसेंबर २०२० मध्ये तळेगावातून निर्यातीचं उत्पादनही संपलं आणि हजाराहून जास्त कामगारांचा वाद न्यायालयात गेला. चीनच्या ग्रेट वॉलशी ठरलेला व्यवहार सरकारी परवानगीअभावी बारगळला. शेवटी ह्युंदाईने तो कारखाना घेतला.

आज गाडी हातात असेल तर

नाव बघून ठरवू नका. इंजिन कोणतं आणि साल कोणतं ते बघा.

अमेरिकेत असाल तर डॅशबोर्डवर काचेतून दिसणारा १७ अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, सरकारी वाहन सुरक्षा विभागाच्या संकेतस्थळावर टाका. बाकी राहिलेले रिकॉल दिसतात आणि ते विक्रेत्याकडे फुकट करून मिळतात, मग गाडी कितव्या मालकाची का असेना. २०२१ ते २०२४ ची मोठी पिकअप किंवा एसयूव्ही ६.२ लिटर व्ही-८ इंजिनाची असेल तर विशेष लक्ष द्या. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत अशा सुमारे सहा लाख गाड्या परत मागवल्या गेल्या. क्रँकशाफ्टची मापं आणि पृष्ठभाग, तसंच ऑइलच्या वाटांत राहिलेला कचरा, यामुळे बेअरिंग जाऊन इंजिन चालता चालता बसतं. तपासणीत नापास झालं तर इंजिन बदलतात. पास झालं तर पातळ ०डब्ल्यू-२० ऐवजी ०डब्ल्यू-४० ऑइल भरून ऑइलचं झाकण, फिल्टर आणि पुस्तिकेतलं पान बदलून देतात. म्हणून विकणाऱ्याकडे त्या कामाची पावती मागा, आणि झाकणावर कोणत्या ऑइलचं नाव आहे तेही बघा.

भारतात शेव्हरोले चालवत असाल तर सुट्या भागांची वाट इंजिनाच्या मूळ घराण्यातून शोधा. सेल आणि एन्जॉय या गाड्यांचं १.३ लिटर डिझेल हे फियाटचंच मल्टिजेट, स्विफ्ट डिझेलमध्ये होतं तेच घराणं, त्यामुळे आतले बरेच भाग आणि जाणकार मेकॅनिक सहज मिळतात. टव्हेराचं २.५ लिटर इंजिन इसुझूचं. ऑप्ट्रा म्हणजे देवूची लासेटी, स्पार्क म्हणजे देवूची मॅटिझ. त्या नावांनी परदेशात भाग मिळतात, पण मागवताना जुन्या भागावर छापलेला क्रमांक आणि व्हीआयएन दोन्ही जुळवा. स्पार्कच्या १.० लिटर पेट्रोलला टायमिंगचा पट्टा आहे, साखळी नाही. जुनी स्पार्क घेताना पट्टा कधी बदलला याचा कागद नसेल तर पट्टा आणि टेन्शनर लगेच नवे घाला, आणि त्याच वेळी पाण्याचा पंपही उघडून बघा, कारण तिथवर पोचायची मजुरी तीच असते.